अनिवार्य रकाना

कोणताही ऑनलाइन अर्ज भरताना काही रकान्यांपुढे लाल तारांकन दिसते. ते रकाने भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. आपल्याला ती एक सूचना वाटते, पण तो हुकूम असतो. आणि हुकूम म्हटला की तो कोणी दिला, कोणत्या अधिकाराने दिला आणि कशासाठी दिला, हे विचारता यायला हवे. मला या लेखात तेवढेच विचारायचे आहे. माणसाकडून सक्तीने उत्तर मागण्याचा अधिकार एखाद्या रकान्याला कुठून मिळतो?

हा प्रश्न मला नीतिशास्त्राच्या ग्रंथातून पडला नाही. डेटाबेसचे आराखडे वाचणाऱ्या आज्ञावल्या लिहिणे हे माझे काम आहे, आणि त्या कामात तो वारंवार समोर येतो. म्हणून आधी ते काम काय असते हे सांगायला हवे.

डेटाबेस म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांचा संच. त्यात माहिती भरण्याआधी कोणाला तरी ठरवावे लागते, की तक्ते किती, प्रत्येकात रकाने कोणते, कोणत्या रकान्यात आकडा आणि कोणत्यात मजकूर, कोणता रिकामा चालेल आणि कोणता चालणार नाही. हे सारे एका फाइलमध्ये लिहिलेले असते. तिला स्कीमा म्हणतात. आपण आराखडा म्हणू. असे आराखडे लिहिण्यासाठी डीबीएमएल नावाची एक सुटसुटीत भाषा आहे. ‘टेबल’ हा शब्द, मग तक्त्याचे नाव, मग महिरपी कंसात एकेका ओळीवर एकेक रकाना: त्याचे नाव, त्याचा प्रकार आणि चौकोनी कंसात त्याच्या अटी. ‘नॉट नल’ ही त्यांतली एक अट. अर्जावरचे लाल तारांकन बहुधा याच दोन शब्दांतून उगवलेले असते. दोन तक्त्यांमधले नाते दाखवायला एक चिन्ह पुरते. गणितातले मोठे-लहानाचे चिन्ह एका बाजूला वळले की ‘अनेकांचा एक’, दुसऱ्या बाजूला वळले की ‘एकाचे अनेक’, आणि नुसती आडवी रेघ असली की ‘एकास एक’.

ही फाइल माणसाला वाचता येते, पण संगणकाच्या लेखी ती केवळ अक्षरांची रांग असते. ती त्याला समजावी म्हणून पार्सर लागतो. पार्सर आधी रांगेचे तुकडे पाडतो: हा शब्द, हा कंस, हे चिन्ह. मग व्याकरणाच्या नियमांनी ते तुकडे जुळवून त्यांचे झाड उभे करतो. आपल्याला हे नवे वाटायला नको. संगणकभाषांचे व्याकरण ज्या पद्धतीने लिहितात तिला जॉन बॅकस यांचे नाव जोडलेले आहे. १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी त्या पद्धतीला ‘पाणिनि-बॅकस’ असे नाव द्यावे, अशी सूचना एका पत्रातून केली होती. पण व्याकरण जुळले म्हणजे काम संपले असे होत नाही. विद्यार्थ्याच्या तक्त्यात पालकाच्या तक्त्याचा उल्लेख आला आणि पालकाचा तक्ता फाइलमध्ये खाली कुठे तरी असला, तर सगळी फाइल वाचून होईपर्यंत त्या उल्लेखाचा अर्थ लावता येत नाही. म्हणून आधी सगळे वाचायचे आणि मग परत येऊन प्रत्येक नावाची त्याच्या धन्याशी गाठ घालायची.

हे झाले की मजकुराच्या जागी वस्तू उभ्या राहतात. तक्ता ही एक वस्तू. तिला विचारले की ती आपले रकाने सांगते. रकाना ही एक वस्तू. तिला विचारले की ती आपला तक्ता सांगते. नाते हीसुद्धा वस्तूच, आणि तिला आपली दोन्ही टोके ठाऊक असतात. फाइल वरून खाली वाचावी लागत होती. या वस्तूंमधून गावातल्या गल्ल्यांसारखे कुठूनही कुठेही जाता येते.

यात एक गोष्ट अशी घडते की ती नुसती सोय म्हणून सोडून देता येत नाही. आराखड्यात नाते नेहमी एकाच बाजूला लिहिलेले असते. एका तक्त्याच्या आधाराने दुसरा उभा असतो तेव्हा आधार देणाऱ्याला ‘पालक’ आणि आधार घेणाऱ्याला ‘बालक’ म्हणण्याची रीत आमच्या धंद्यात आहे. इंग्रजीतही हेच शब्द आहेत. पालकाचा क्रमांक बालकाच्या तक्त्यात असतो. पालकाच्या तक्त्यात बालकाचा मागमूसही नसतो. नुसता तो तक्ता वाचून त्याच्यावर कोण कोण विसंबून आहे हे कळत नाही. वस्तू उभ्या राहिल्यावर मात्र पालकालाही विचारता येते, की तुझ्या आधाराने कोण जगते आहे. जो विसंबून असतो त्याला आपले अवलंबन पाठ असते. ज्याच्यावर विसंबलेले असते त्याला ते मुद्दाम दाखवून द्यावे लागते.

आणि मग पुढचा प्रश्न येतो: पालकाची नोंद पुसली गेली तर बालकाचे काय? याचे उत्तरही आराखड्यात एका शब्दात दिलेले असते. ‘कॅस्केड’ लिहिले असेल तर पालकाबरोबर बालकाच्या साऱ्या नोंदी पुसल्या जातात. ‘रिस्ट्रिक्ट’ लिहिले असेल तर बालक आहे तोवर पालकाला पुसता येत नाही. ‘सेट नल’ लिहिले असेल तर बालक उरते आणि पालकाची जागा रिकामी होते. अनाथाचे काय करायचे, याची अशी निरनिराळी उत्तरे आहेत, आणि त्यांतले एक कोणी तरी कधी तरी निवडलेले असते. ते का निवडले हे फाइलमध्ये क्वचितच सापडते.

या रचनांचा इतिहासही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९६०च्या दशकात अपोलो चांद्रमोहिमेच्या यानाच्या अगणित सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी आयबीएमने जी प्रणाली घडवली तिची मूळ रचना झाडाची होती: एक मूळ, त्याला फांद्या, आणि प्रत्येक बालकाला एकच पालक. यंत्राच्या सुट्या भागांना हे ठीक लागू पडते. त्याच सुमारास चार्ल्स बाखमन यांनी जाळ्याची रचना पुढे आणली. तिच्यात एका नोंदीला अनेक धनी असू शकत. १९७३ मध्ये ट्यूरिंग पुरस्कार स्वीकारताना त्यांनी जे व्याख्यान दिले त्यात प्रोग्रॅमरला नावाड्याची उपमा होती: माहितीच्या समुद्रात एका नोंदीकडून दुसरीकडे वाट काढत जाणारा. एडगर कॉड यांना ही वाटाड्यागिरीच खटकत होती. आधीच आखलेल्या वाटांनीच माहितीपर्यंत जायचे, तर ज्याने वाटा आखल्या त्याला सुचलेलेच प्रश्न विचारता येतात. १९७० च्या आपल्या शोधनिबंधात त्यांनी माहिती साध्या तक्त्यांत मांडायची आणि कोणताही तक्ता कोणत्याही तक्त्याशी जोडून हवा तो प्रश्न विचारायचा, अशी मांडणी केली. आजचे बहुतेक डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत. कॉड यांनी माहितीतली नावाडेगिरी संपवली. आराखड्याचे वाचन करताना आम्ही ती पुन्हा सुरू केली आहे, पण आता आम्ही फिरतो ते माहितीतून नव्हे, माहितीविषयी कोणी तरी घेतलेल्या निर्णयांतून.

निर्णय हा शब्द मी जाणून वापरतो. ‘पालक कोण’ हा तक्त्यांपुरता सोपा प्रश्न आहे. माणसांत तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला. पालक म्हणून सही त्यांची होती. वडिलांची सही आणा, नाही तर तुम्हीच पालक असल्याचे सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र आणा, असे सांगून अर्ज परत आला. यामागे १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा होता. त्याच्या सहाव्या कलमात अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई, असा क्रम आहे. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की या ‘नंतर’चा अर्थ वडिलांच्या हयातीनंतर असाच घेण्याचे कारण नाही, ‘वडिलांच्या अनुपस्थितीत’ असाही तो होतो, आणि मुलाची जबाबदारी वडील प्रत्यक्षात पाहत नसतील तर तीसुद्धा अनुपस्थितीच. कायद्यातला एक शब्दही बदलला नाही. त्याच कलमातून आईचे पालकत्व बाहेर आले.

पार्सरने हे कलम वाचले असते तर? त्याने क्रम वाचला असता: आधी वडील, नंतर आई. त्याने असे वाचणे योग्यच आहे. पार्सरचा सद्गुण असा, की तो अंदाज बांधत नाही. एक कंस राहून गेला तरी तो ओळीचा क्रमांक सांगून थांबतो. ‘तुम्हाला बहुधा असे म्हणायचे असावे’ असे मनाशी धरून पुढे जात नाही. असे अंदाज बांधणाऱ्या यंत्राच्या हाती कोणी आपला जन्मदाखला देणार नाही. न्यायाधीशाचा सद्गुण निराळा. लिहिलेला शब्द तसाच लावला तर तो समतेच्या मूळ वचनाशी भांडतो, हे त्याला दिसते, आणि शब्दाच्या संभाव्य अर्थांपैकी न भांडणारा अर्थ तो निवडतो. आपल्या व्यवस्थांना ही दोन्ही वाचने लागतात. अडचण अशी, की पहिले वाचन दिवसातून लाखो वेळा आपोआप होते, आणि दुसऱ्यासाठी गीता हरिहरन यांना १९८४ पासून १९९९ पर्यंत थांबावे लागले.

या दोन वाचनांच्या मधली जागा कशी भरायची, हे मला माझ्या कामात शोधावे लागते. काही काळापूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या जुन्या प्रवेशप्रणालीचा आराखडा माझ्याकडे आला. ज्यांनी तो लिहिला ते केव्हाच निघून गेले होते. आराखडा वस्तूंमध्ये उतरवल्यावर मी त्याला साधा प्रश्न विचारला: अनिवार्य असलेला पण ज्याच्याजवळ कसलीही टीप नाही, असा प्रत्येक रकाना दाखव. यादी लांब निघाली. तिच्यात वडिलांचे नाव होते. आईचे नाव नव्हते, कारण तो रकाना ऐच्छिक होता. मग त्या रकान्यात लोकांनी प्रत्यक्षात काय भरले आहे हे पाहिले. बहुतेक ठिकाणी नावे होती. काही ओळींत आईचेच नाव दोनदा होते, काहींत आजोबांचे असावे असे दिसत होते, आणि काहींत नुसते एक टिंब होते.

ते टिंब मला विसरता येत नाही. कोणी तरी खिडकीशी उभे असणार, कारकुनाच्या पडद्यावर पुढचे पान उघडत नसणार, मागे रांग असणार, आणि त्या दोघांपैकी एकाला ती युक्ती सुचली असणार. कारकुनाने त्या बाईवर दयाच केली. पण यंत्राने दोघांनाही खोट्यात ओढले. संगणकाच्या लेखी त्या मुलाच्या वडिलांचे नाव टिंब आहे, आणि तो रकाना शंभर टक्के भरलेला आहे. सक्तीचा रकाना माहिती मिळवून देतोच असे नाही. तो फक्त रिकामेपणा दिसेनासा करतो. ज्यांचे उत्तर नाही त्यांच्याकडून तो खोटे उत्तर घेतो, आणि ते खोटे त्यांच्याच नावावर जमा होते. एकच नाव लावणाऱ्या भारतीयांना हे चांगले माहीत आहे. त्यांच्या अमेरिकी व्हिसावर नावाच्या जागी ‘एफएनयू’ ही तीन अक्षरे छापली जातात. म्हणजे पहिले नाव अज्ञात. नाव अज्ञात नसते. दोन नावांची सक्ती करणाऱ्या रकान्यांना एका नावाचा माणूस ठाऊक नसतो.

यावर तंत्रज्ञाचे तयार उत्तर असे, की मग सक्ती काढा, रकाना रिकामा राहू द्या. रिकाम्या जागेला आमच्याकडे ‘नल’ म्हणतात, आणि तिचे तर्कशास्त्र चमत्कारिक आहे. नल हा नलबरोबर आहे का, असे विचारले तर उत्तर ‘होय’ येत नाही, ‘नाही’ही येत नाही, ‘सांगता येत नाही’ असे येते. दोन माणसांची उत्तरे ठाऊक नाहीत म्हणून ती सारखी आहेत असे म्हणता येत नाही, हे त्यातले शहाणपण. पण न मिळालेल्या उत्तरांतही जाती असतात. कॉड यांनाच हे जाणवत होते. १९९० च्या आपल्या पुस्तकात त्यांनी एका नलऐवजी दोन खुणा सुचवल्या: माहिती लागू आहे पण मिळालेली नाही यासाठी एक, आणि माहिती लागूच नाही यासाठी दुसरी. प्रचलित एसक्यूएल भाषेने ही सूचना स्वीकारली नाही. तिथे आजही एकच नल आहे.

पण कॉड यांच्या दोन खुणांतही न बसणारे एक मौन आहे. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित आईच्या बाजूने निकाल दिला. प्रकरणात तिचे नाव ‘एबीसी’ एवढेच आहे. आपल्या मुलाचे पालकत्व मिळावे म्हणून तिने अर्ज केला होता, आणि वडिलांचे नाव सांगा, त्यांना नोटीस पाठवायला हवी, असे खालच्या न्यायालयांनी तिला सांगितले होते. तिला नाव माहीत होते. ते लागू नव्हते असेही नाही. ते तिला सांगायचे नव्हते. न्यायालयाने तिचे हे न सांगणे मान्य केले, आणि एकल वा अविवाहित मातेने प्रतिज्ञापत्र दिले की जन्मदाखला द्यावा, असेही बजावले. माहीत नाही, लागू नाही आणि सांगणार नाही, ही तीन निरनिराळी मौने आहेत. पहिल्यात शोध घेता येतो, दुसऱ्यात प्रश्नच चुकलेला असतो, आणि तिसऱ्यात माणसाचा अधिकार असतो. तिन्ही एका नलमध्ये कोंबणे हा सक्तीपेक्षा सौम्य, पण अन्यायच. असा रिकामा रकाना पाहून उद्याचा कारकून पुन्हा विचारणार, की हे भरायचे राहिले का?

महाराष्ट्रात याचा एक ताजा दाखला आहे. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवले, की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशा क्रमाने लिहावे. पिढ्यान्‌पिढ्या मधले नाव म्हणजे बापाचे, हे गृहीत धरणाऱ्या मराठी नावात आईला जागा मिळाली, याचा मला आनंद आहे. आराखड्यांच्या भाषेत एक ऐच्छिक रकाना अनिवार्य झाला. आणि तरीही, अनिवार्य हा शब्द दिसला की मी सावध होतो. आईचा रकाना उघडल्याने बापाच्या रकान्याची सक्ती विचाराच्या कक्षेत आपोआप येत नाही. एकाला न्याय देणारी सक्ती दुसऱ्याला टिंब टाकायला लावू शकते. प्रत्येक नवीन तारांकनाबरोबर हे विचारावे लागेल, की ज्याच्याकडे हे उत्तर नाही किंवा ज्याला ते द्यायचे नाही, त्याने या खिडकीशी काय करायचे?

सुरुवातीच्या प्रश्नाला मला जे उत्तर सुचते ते असे. रकान्याला स्वतःचा अधिकार नसतो. तो कारणाकडून उसना घेतलेला असतो. मुलाची जन्मतारीख सक्तीची आहे कारण तिच्यावर वर्ग ठरतो. हे कारण कोणालाही सांगता येते आणि कोणालाही तपासता येते. जिथे कारण सांगता येत नाही तिथे सक्ती ही नुसती सवय असते. म्हणून सक्ती आणि तिचे कारण एका जागी राहिले पाहिजे. शाळेच्या कागदी जनरल रजिस्टरात शेवटचा रकाना ‘शेरा’ असतो. वरच्या चौकटींत न मावणारे काहीही मुख्याध्यापक तिथे शाईने लिहू शकत. रजिस्टर संगणकावर आले तेव्हा बऱ्याच ठिकाणी हा रकाना निरुपयोगी ठरून गळला, कारण त्याची बेरीज होत नाही. डीबीएमएलमध्ये प्रत्येक रकान्याला ‘नोट’ जोडण्याची सोय आहे, आणि पार्सर ती टाकून न देता रकान्याच्या वस्तूबरोबर ठेवतो. हा आराखड्याचा शेरा झाला. फक्त तो लिहावा लागतो.

आता मी एक नियम पाळतो, आणि जिथे माझे चालते तिथे इतरांनाही पाळायला लावतो. अनिवार्य रकान्याजवळ टीप हवी: ही सक्ती कशासाठी, ती कोणी ठरवली, आणि उत्तर नसणाऱ्याने काय करावे. टीप नसेल तर माझी आज्ञावली आराखडा स्वीकारत नाही. एखादा कंस राहून गेल्यावर थांबावे तशी थांबते आणि ओळीचा क्रमांक सांगते. हे करायला मोजक्या ओळी पुरतात, कारण वस्तू उभ्या असल्या की असे विचारणे अवघड नसते. तिची मर्यादाही मला माहीत आहे. टीप आहे की नाही, एवढेच ती पाहू शकते. ‘नियमानुसार आवश्यक’ असे दोन शब्द कोणी लिहिले तर ती समाधान मानून पुढे जाईल. कोणता नियम, आणि तो अजून लागू आहे का, हे विचारायला मग मला त्या माणसाला फोन करावा लागतो. कधी तो चिडतो. कधी थोडा वेळ थांबून म्हणतो, आमच्याआधीपासून तसेच आहे. अशा एका फोननंतर वडिलांच्या नावापुढची ती अट काढली गेली. टिंबे अजून जुन्या ओळींत आहेत. ती कोणी पुसावीत, आणि त्यांच्या जागी काय लिहावे, हे त्या त्या मुलाच्या आईला विचारल्याशिवाय ठरवता येणार नाही.